सहजीवन शिकवायचंय? शाळेच्या कुंपणापासून सुरुवात करा

सहजीवनाचा धडा म्हटला की तीन चित्रं ठरलेली: समुद्रफुलात लपलेला क्लाउनफिश, शार्कच्या पोटाला चिकटलेला रेमोरा मासा आणि गेंड्याच्या पाठीवर बसलेला पक्षी. मुलं ती पाठ करतात, परीक्षेत जोड्या लावतात आणि पुढच्या धड्याला लागतात. शाळेच्या कुंपणावर अमरवेल पसरलेली असते, समोरच्या बांधावर म्हशीमागे बगळे चालत असतात. त्याचा आणि धड्याचा काही संबंध आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

मी बरीच वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत विज्ञान शिकवते आहे. सहावी ते दहावीला विज्ञान घेणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी हे लिहिते आहे. तुम्ही शहरात असाल तरी चालेल, फक्त उदाहरणं बदलतील. माझा आग्रह एकच आहे. 'हा संबंध कोणत्या प्रकारचा?' हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. आधी तीन प्रश्न फळ्यावर लिहा आणि धडा संपेपर्यंत पुसू नका:

कोणाला काय मिळतं?
कोणाचा काय खर्च होतो?
हे तुला कशावरून कळलं?

तिसऱ्या प्रश्नावर मुलं अडतात. अडू द्या, खरा धडा तिथेच सुरू होतो.

१. टाचण लिहिण्याआधी परिसर फिरून या

एखाद्या सकाळी एकट्यानेच शाळेभोवती फेरी मारा आणि वहीत फक्त जोड्या लिहा. काय सापडेल ते गावावर आणि ऋतूवर अवलंबून आहे. जुलैच्या शेवटापासून ऑगस्टपर्यंत मूग, उडीद, भुईमूग, सोयाबीन शेतात उभे असतात, तेव्हा मुळांवरच्या गाठी पाहाव्यात. थंडीत वाल आणि चवळीच्या शेंड्यांवर काळा मावा येतो आणि त्याच्यामागे मुंग्या येतात. झाडांची पानं झडली की फांद्यांवरची बांडगुळं लांबूनही ओळखू येतात. एप्रिलपासून कोकीळ ओरडायला लागते, तोच कावळ्यांचा घरट्यांचा काळ. उंबराला मात्र वर्षातून अनेकदा फळं धरतात.

शहरातल्या शिक्षकांनी 'आमच्याकडे काही नाही' म्हणू नये. सोसायटीतल्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण असतो आणि त्याच्याभोवती मुंग्यांची रांग असते. रस्त्याकडेच्या आंब्यावर बांडगूळ असतं, भटक्या कुत्र्याच्या कानामागे गोचीड असते. शिवाय वाणसामानाच्या दुकानात दगडफूल मिळतंच.

यादीतल्या चार-पाच जोड्याच निवडा. सगळं दाखवायला गेलात तर एकही नीट पाहून होत नाही.

२. शब्द आधीच पक्के करा

इथे नवखे शिक्षक हमखास गोंधळतात, कारण पुस्तकंच एकसारखी बोलत नाहीत. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८७९ मध्ये सहजीवन ही संकल्पना मांडली, तेव्हा तिचा अर्थ व्यापक होता: दोन वेगळ्या जातींच्या जीवांचं एकत्र राहणं. त्यात फायदा, तोटा सगळं आलं, म्हणजे परजीवीही आले. शालेय पुस्तकांत मात्र बऱ्याचदा 'सहजीवन' म्हणजे दोघांचाही फायदा, एवढंच धरलेलं असतं. तुमच्या वर्गाच्या पुस्तकात जो अर्थ आहे तोच परीक्षेसाठी वापरा, पण मुलांना दोन्ही सांगून ठेवा.

फळ्यावर चिन्हांचा तक्ता पुरतो. दोघांनाही लाभ असेल तर अधिक-अधिक. एकाला लाभ आणि दुसऱ्याला काहीच फरक नसेल तर अधिक-शून्य, याला सहभोजिता म्हणतात. एकाला लाभ आणि दुसऱ्याला नुकसान असेल तर अधिक-उणे, ही परजीविता.

याच तासाला दोन गोष्टी बाजूला काढून ठेवा. मांजराने उंदीर खाल्ला ही शिकार झाली, ते एकत्र राहणं नव्हे. कुजक्या ओंडक्यावर उगवलेलं भूछत्र मृतोपजीवी आहे, कारण ओंडका मेलेला आहे. शाळेच्या भिंतीत उगवलेल्या पिंपळाबद्दल मुलं हटकून विचारतात. भिंत सजीव नाही, त्यामुळे तिथे जोडीच होत नाही. तोच पिंपळ दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात उगवला तर मात्र गोष्ट वेगळी.

३. साहित्य आणि कागदपत्रं

महागडं काहीच लागत नाही. सूक्ष्मदर्शक असला तर उत्तम, नसला तर फोल्डस्कोपवर, म्हणजे घडीच्या कागदी सूक्ष्मदर्शकावर, बरंच भागतं. बाकी हे जमवा:

- खुरपं, घमेलं, पाण्याची बादली
- हातातली भिंगं, चार-पाच मुलांत एक तरी
- नवं ब्लेड (फक्त शिक्षकांच्या हातात) आणि पांढरे कागद
- रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्या, मलमलचं कापड, रबरबँड
- सेकंदकाटा असलेलं घड्याळ किंवा मोबाइल
- मूठभर दगडफूल, मुगाचं बियाणं, दोन कुंड्या, चिमूटभर युरिया
- प्रथमोपचार पेटी

कागदपत्रांत कंटाळा करू नका. आवाराबाहेर पाऊल टाकणार असाल तर मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, पालकांची संमतीपत्रं आणि मुलांची यादी (कुणाला मधमाशीची किंवा गाजर गवताची ॲलर्जी आहे त्या नोंदीसह) तयार ठेवा. शेतात जायचं तर शेतमालकाला आदल्या दिवशी सांगा. तोंडी चालतं, पण सांगितलेलं हवं. अभयारण्य किंवा राखीव जंगल असेल तर वनविभागाच्या परवानगीशिवाय जाऊ नका आणि आमरीसारख्या (ऑर्किड) वनस्पती कुठूनही उपटून आणू नका.

पावसाळ्यात बांधावर पायात बूट हवेतच. झुडपाला हात लावण्याआधी खाजकुयली नाही ना, हे स्वतः पाहा. आग्या मोहोळ असलेल्या झाडाखाली वर्ग भरवू नका.

४. पहिला प्रयोग: मुळांवरच्या गाठी

सुरुवात इथूनच करा, कारण यात मिळकत आणि खर्च दोन्ही दाखवता येतात.

मूग किंवा भुईमुगाचं फुलोऱ्यावर आलेलं झाड निवडा, साधारण तीस ते चाळीस दिवसांचं. झाड ओढून काढू नका. ओढलं की गाठी मातीतच राहतात आणि मुलांच्या हातात नुसता सोटा येतो. खुरप्याने भोवतालची माती सैल करून ढेकळासकट उचला, बादलीत बुडवून ठेवा आणि माती आपोआप सुटू द्या. बाजारातल्या मेथीच्या जुडीवर भिस्त ठेवू नका. मेथीलाही गाठी येतात, पण त्या बारीक असतात आणि धुताना, झटकताना गळून जातात.

आता एक मोठी गाठ ब्लेडने कापा. आतून गुलाबी किंवा लालसर दिसली तर ती काम करते आहे. हिरवट किंवा तपकिरी असेल तर ती म्हातारी झाली आहे, पांढरट असेल तर अजून कामाला लागलेली नाही. गाठ पांढऱ्या कागदावर चिरडली की लालसर डाग पडतो. 'झाडात रक्त!' असा गलका होतो, आणि तो फारसा चुकीचाही नाही. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या हिमोग्लोबिनच्या कुळातल्याच प्रथिनाचा. हवेतला नायट्रोजन पकडणारं जिवाणूंचं विकर ऑक्सिजनने निकामी होतं, पण जिवाणूंना श्वसनासाठी तर ऑक्सिजन हवाच. हे प्रथिन त्याला बेताबेताने पोहोचवतं.

देवघेव सांगताना इतिहासाचा धागा जोडता येतो. डाळवर्गीय पिकं हवेतला नायट्रोजन वापरतात आणि त्याचा गाठींशी संबंध आहे, हे हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी १८८० च्या दशकात दाखवलं. १८८८ मध्ये बायेरिंक यांनी गाठींतले जिवाणू वेगळे काढले. शेतकरी डाळीचं बेवड (पुढच्या पिकाआधी त्याच रानात डाळीचं पीक) त्याच्या किती तरी आधीपासून ठेवत होते. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या आजोबांना विचारलं तर ते कारणासकट सांगतील.

पण 'जिवाणू झाडाला नायट्रोजन देतात, झाड त्यांना अन्न आणि घर देतं' एवढ्यावर थांबलात तर तो नुसता पाठांतराचा करार झाला. खर्च दाखवायला कुंड्या वापरा. दोन्हींत शेतातली तीच माती घ्या, तेच मूग पेरा आणि सारखंच पाणी द्या. एकीत अंकुर आल्यावर थोडा थोडा युरिया पाण्यातून देत राहा. रोपं करपतील इतका नको. चार-पाच आठवड्यांनी दोन्ही रोपं तशीच भिजवून काढा आणि गाठी मोजा. युरियाच्या कुंडीत त्या सहसा कमी दिसतात. आयता नायट्रोजन मिळत असताना झाड गाठी पोसायला साखर कशाला घालवेल? ही ओळ तुम्ही बोलू नका, मुलांकडून येऊ द्या. थोडा वेळ लागतो, पण येते.

दोन सापळे आहेत. पहिला म्हणजे, 'गाठी असलेलं मूळ घरून आणा' म्हटलं की दोघं-तिघं भेंडीचं किंवा टोमॅटोचं मूळ घेऊन येतात. त्या गाठी सूत्रकृमींच्या, म्हणजे मुळात शिरणाऱ्या बारीक परजीवी कृमींच्या असतात. ती मुळं अजिबात फेकू नका, याहून चांगलं साहित्य मिळणार नाही. जिवाणूंची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते आणि नखाने अलगद सुटते. सूत्रकृमींच्या गाठीत मूळच सुजलेलं असतं, ती सुटत नाही. दोन्ही शेजारी ठेवा. दिसायला दोन्ही गाठीच, पण एक अधिक-अधिक आणि दुसरी अधिक-उणे.

दुसरा सापळा गाठींतल्या जिवाणूंच्या 'रायझोबियम' या एका नावाचा. सगळ्या डाळींना एकच जिवाणू चालतो असं मुलांना वाटतं. सोयाबीनला लागणारा वेगळा, मेथीला लागणारा वेगळा. कृषी सेवा केंद्रातल्या जिवाणू खताच्या पाकिटावर पिकाचं नाव छापलेलं असतं ते याचसाठी. एखादं रिकामं पाकीट वर्गात आणा, मुलांना वाचू द्या.

५. गायबगळा: मैदानातला तास

गुरं चरत असतील तिथे, सकाळी दहाच्या आत किंवा शाळा सुटल्यावर जा. दुपारी गुरं सावलीत बसतात आणि तुमची फेरी वाया जाते. पावसाळ्यात गायबगळ्याच्या डोक्यामानेवर केशरी रंग चढतो, त्यामुळे इतर बगळ्यांतून तो ओळखणं सोपं होतं.

मुलांचे तिघा-तिघांचे गट करा. एकाने बगळ्यावरची नजर काढायची नाही, दुसऱ्याने त्याच्या सांगण्यावरून खुणा करायच्या, तिसऱ्याने घड्याळ पाहायचं. दोन मिनिटांत बगळा किती पावलं चालला आणि किती भक्ष्यं गिळली, एवढंच लिहायचं. अर्ध्या गटांनी गुरांजवळचा बगळा घ्यायचा, अर्ध्यांनी त्याच रानात एकटा फिरणारा. चोच मारली म्हणजे भक्ष्य मिळालं असं नाही. मानेतून घास खाली उतरताना दिसला तरच मोजायचं, हे आधी बजावून ठेवा. नाहीतर सगळ्यांचे आकडे फुगतात.

वर्गात आल्यावर प्रत्येक गटाने दर शंभर पावलांमागे किती घास हे काढायचं. हॅरल्ड हीटवोल यांनी १९६५ मध्ये याच प्रश्नावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. गुरांसोबतचे बगळे कमी चालून जास्त खातात, असं त्यात दिसलं. तुमच्या मुलांचे आकडे तसे येतील किंवा येणार नाहीत. नाही आले तर आकडे दुरुस्त करू नका. गवत वेगळं होतं का, गुरं उभी होती की चालत होती, निरीक्षणं किती कमी होती, यावर बोला.

बगळ्याचा 'अधिक' सिद्ध करणं सोपं आहे. गाईचं 'शून्य' सिद्ध करणं अवघड, आणि पुस्तक ते एका शब्दात सांगून मोकळं होतं. मुलांना विचारा: बगळा गाईच्या अंगावरची माशी किंवा गोचीड किती वेळा टिपतो आणि गवतातला टोळ किती वेळा? पुढच्या फेरीत तेही मोजायला लावा.

एखादी चुणचुणीत मुलगी विचारतेच, 'बाई, नांगरणीला ट्रॅक्टरच्या मागेपण बगळे असतात. मग ट्रॅक्टरपण सहजीवी का?' या प्रश्नासाठी पूर्ण तास गेला तरी जाऊ द्या. ट्रॅक्टर सजीव नाही म्हणून ती जोडी बाद, हे उत्तर तांत्रिक झालं. पण बगळ्याला गाय अशी नकोच आहे, किडे उठवणारं काहीतरी हवं आहे, हे त्या ट्रॅक्टरमुळे लख्ख कळतं. गाईपुढच्या शून्याला थोडा आधारही मिळतो.

६. दगडफूल: मसाल्याच्या डब्यातून

गोड्या मसाल्यातलं दगडफूल म्हणजे शैवाक. बुरशी आणि शैवाल मिळून बनलेला हा एक देह आहे, हे आईबरोबर मसाला भाजणाऱ्या मुलांनाही माहीत नसतं. बुरशी आधार देते आणि ओल धरून ठेवते, शैवाल प्रकाशात अन्न तयार करतं. दुकानातलंच वापरा. खडकावरचं खरवडू नका, अनेक शैवाकं वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात.

एक तुकडा कोमट पाण्यात भिजवा. मऊ झाला की वरचा राखाडी पापुद्रा ब्लेडने हलकेच खरवडून काचपट्टीवर घ्या. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे रंगहीन धागे आणि त्यांत अडकलेल्या हिरव्या गोल पेशी दिसतात. दुकानातला माल जुना असेल तर हिरवेपणा फिका दिसतो, म्हणून दोन-तीन तुकडे घेऊन बघा.

स्विस शास्त्रज्ञ श्वेन्डेनर यांनी १८६० च्या दशकात शैवाक म्हणजे दोन जीव आहेत असं म्हटलं, तेव्हा त्या काळच्या शैवाक-तज्ज्ञांनी त्यांना उडवून लावलं होतं. २०१६ मध्ये काही शैवाकांच्या वरच्या थरात यीस्टही सापडली, म्हणजे तिसरा भागीदार निघाला. हुशार मुलांना हे जरूर सांगा.

पावसाळ्यात भिंतीवर येणारं हिरवं शेवाळ म्हणजे दगडफूल नव्हे. हा गोंधळ दर वर्षी होतो, नमुने शेजारी ठेवले की मिटतो.

७. अमरवेल आणि बांडगूळ

दोघांनाही 'परजीवी' म्हणून एकाच ओळीत बसवलं जातं, पण त्यांचा हिशोब वेगळा आहे. अमरवेलीला पानं जवळजवळ नसतातच, रंग पिवळा-नारिंगी. ती पाणी आणि तयार अन्न दोन्ही यजमानाकडून ओढते. बांडगुळाला हिरवी पानं असतात, अन्न ते स्वतः करतं आणि पाणी व क्षार तेवढे आंब्याच्या फांदीतून घेतं. म्हणून एक पूर्ण परजीवी, दुसरं अर्धपरजीवी.

भिंगाखाली अमरवेलीचा वेढा आणि त्यातून यजमानाच्या खोडात घुसलेली शोषक मुळं दाखवा. पण तिचा तुकडा शाळेच्या बागेत आणून टाकू नका. तुटलेल्या तुकड्यापासूनही ती दुसऱ्या झाडावर वाढू लागते. मेंदीचं कुंपण असेल तर विचारूच नका. पाहून झालं की जाळून टाका किंवा उन्हात कडक वाळवा.

बांडगूळ मात्र एका चिन्हात मावत नाही. आंब्याशी त्याचं अधिक-उणे. त्याच्या नळीसारख्या फुलांतला मध शिंजीर पितो आणि परागण करतो, म्हणजे तिथे अधिक-अधिक. फुलटोच्या त्याची फळं खातो. बी इतकी चिकट असते की ती अंगावेगळी करायला पक्षी फांदीवर घासतो, आणि तिथेच नवं बांडगूळ रुजतं. मुलांना मध्ये बांडगूळ काढून भोवती तिघांची नावं लिहायला लावा आणि प्रत्येक रेषेवर चिन्हं द्यायला सांगा. असं एकच चित्र नीट काढलं तर अर्धा धडा समजला.

फांदीवर दिसणारं प्रत्येक झुडूप बांडगूळ नसतं. आमरी फांदीवर नुसती बसलेली असते, तिची मुळं सालीवर पसरतात, आत घुसत नाहीत. फांदी आणि झुडूप जिथे जुळतात तिथे पाहा. फांदी सुजून एकजीव झाली असेल तर बांडगूळ.

८. उंबराची बरणी

औदुंबराला लोक मानतात, तेव्हा आधी विचारा आणि फांद्या तोडू नका. नुकती लालसर होऊ लागलेली टणक फळं घ्या. पूर्ण पिकलेल्यांतून कीटक निघून गेलेले असतात. बरणीत घालून मलमल बांधा आणि सावलीत ठेवा. टप्पा बरोबर साधला तर एक-दोन दिवसांत बरणीत दोन मिलिमीटरच्या आसपासची काळसर केंबरं (उंबरात वाढणारे कीटक) उडताना दिसतात. काहीच आलं नाही तर दुसऱ्या झाडाची फळं घेऊन पुन्हा करा. टप्पा चुकणं हे यातलं नेहमीचं आहे.

गोष्ट अशी सांगा. उंबराची फुलं फळाच्या आत असतात. परागकण घेऊन आलेली केंबराची मादी फळाच्या तोंडाच्या भोकातून आत शिरते, शिरताना बहुधा पंख गमावते, परागण करते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. पुढच्या पिढीतले नर आपापल्या फुलातून आधी बाहेर पडतात. त्यांना पंख नसतात. ते मादींशी मीलन करतात, फळाला भोक पाडतात आणि त्यांचं आयुष्य तिथेच संपतं. माद्या पराग घेऊन त्या भोकातून उडतात. झाडाचा खर्च म्हणजे ज्या फुलांत अळी वाढली त्यांचं बी. तो खर्च झाड सोसतं, कारण या कीटकाशिवाय बाकीच्या फुलांतही बी धरणार नाही.

बरणीत लांब शेपटीसारखी नळी असलेले कीटकही दिसतील. ते परागण करत नाहीत, बाहेरूनच फळात अंडी घालून या भागीदारीवर डल्ला मारतात. मुलांना ते शोधायला आवडतं.

एक सूचना: हा तास झाल्यावर काही मुलं उंबर, अंजीर खायचं सोडतात आणि पालकांचा फोन येतो. बाजारातल्या बऱ्याच अंजिरांना परागणाची गरजच लागत नाही, हे त्याच दिवशी सांगून टाका.

९. ही उदाहरणं जपून वापरा

मगरीचे दात साफ करणारा पक्षी: ही गोष्ट ग्रीक इतिहासकार हेरोडोटसपासून चालत आली आहे. भक्कम निरीक्षणांचा आधार नाही, वगळलेली बरी.

गेंड्यावरचा ऑक्सपेकर: पुस्तकात परस्परलाभ. झिम्बाब्वेत गुरांवर झालेल्या आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पॉल वीक्स यांच्या अभ्यासात मात्र या पक्ष्यांमुळे गोचिडी कमी झालेल्या दिसल्या नाहीत, आणि पक्षी जखमांतलं रक्तही पीत होते. मोठ्या मुलांसाठी 'चिन्ह कसं बदलतं' याचं उदाहरण म्हणून वापरा.

वाळवीच्या पोटातले आदिजीव: परदेशी प्रयोगपुस्तिकांत वाळवीचं आतडं काचपट्टीवर उघडून आदिजीव पाहायला सांगतात. आपल्याकडच्या वारुळातली वाळवी आणून केलं तर ते दिसत नाहीत आणि शिक्षकाला वाटतं सूक्ष्मदर्शक बिघडला. आपली वारूळ बांधणारी वाळवी बहुतांशी बुरशी पाळणाऱ्या गटातली आहे. ती वारुळात बुरशीची बाग करते, आणि पाऊस पडला की त्याच बुरशीची छत्री वारुळावर उगवते. कोकणात, गोव्यात लोक ज्या अळंबीची वाट पाहतात तीच ही. म्हणजे उदाहरण परदेशी पुस्तकातल्यापेक्षा सरस आहे, फक्त ते वेगळं आहे. वारूळ फोडून दाखवू नका, आत साप असू शकतो. अळंबी खाण्याजोगी आहे की नाही याचा निवाडाही वर्गात करू नका.

कोकीळ आणि कावळा: उदाहरण झकास आहे, पण मुलं लगेच 'लबाड कोकीळ, बिचारा कावळा' यावर येतात. पावशा आणि चातकही सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतात, तेही सांगा, म्हणजे एका पक्ष्याचा स्वभाव म्हणून ते उरत नाही. मैत्री, उपकार, फसवणूक हे शब्द या धड्यापुरते बंद ठेवा. घरट्यांना हात लावू द्यायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

१०. मूल्यमापन

जोड्या लावा, गाळलेल्या जागा भरा हे तर परीक्षेसाठी करावंच लागतं. त्याआधी एक वादाचा तास घ्या. जास्वंदीवरच्या मुंग्या आणि पिठ्या ढेकूण ही जोडी द्या. मुंग्यांना गोड स्राव मिळतो, ढेकणाला शत्रूंपासून राखण मिळते, दोघांचं अधिक-अधिक. मग विचारा, जास्वंदीचं काय? दोघांची भागीदारी तिसऱ्याच्या खर्चाने चालू शकते, हे नववीतल्या मुलांना नीट पेलतं. सहावीला पेलत नाही, तिथे हा तास सोडून द्या.

गुण देण्यासाठी मी एकच प्रश्न ठेवते: 'घर ते शाळा या वाटेवरची, पुस्तकात नसलेली एक जोडी शोधा. चिन्हं द्या. ती कशावरून दिलीत ते लिहा. तुमचं चिन्ह चूक ठरवायचं असेल तर काय पाहावं लागेल?' दहापैकी दोन गुण जोडीला, दोन चिन्हांना, तीन पुराव्याला, तीन शेवटच्या उपप्रश्नाला. चिन्ह चुकलं पण पुरावा नीट लिहिला, तर आठ गुण मिळू शकतात. ही वाटणी प्रश्न देतानाच फळ्यावर लिहून ठेवा, नाहीतर गुण वाटताना वर्गात आणि नंतर पालकसभेत वाद होतो.